लाल झाकण

टॉवरच्या एकशे बारा पायऱ्या मास्तर आता तीन दमांत चढत. लिफ्ट बंद पडून वर्ष उलटलं होतं आणि तिच्या दुरुस्तीचा कागद कुठल्या टेबलावर विश्रांती घेतोय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. इथे ते सहा महिने दोनदा येऊन गेले होते. दुसऱ्या वळणावर खिडकी होती, तिथे मास्तर कठड्याला टेकत, चष्मा पुसत आणि पुन्हा चढू लागत.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. टॉवरच्या काचेमागे बसून विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारे ते नियंत्रक. पण तीस वर्षांत त्यांनी इतक्या पोरापोरींना हे काम शिकवलं होतं, की खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. आणि सध्या पगारपत्रकही निघत नव्हतं. वय पंचावन्न. छप्पन्न पुरं झालं की या खुर्चीवर बसू देत नाहीत, तसा नियमच आहे. म्हणजे आठ महिने उरले होते.

पगारपत्रक का निघत नव्हतं तेही सांगून टाकतो. सभागृहात दोन बाजूंचं जुळेना, म्हणून अंदाजपत्रक मंजूर होईना, म्हणून सरकारी खर्चाला पैसा नव्हता. त्याचा हा एकेचाळिसावा दिवस. ज्यांच्यावाचून चालतं अशा लोकांना घरी बसवलं होतं. ज्यांच्यावाचून चालत नाही त्यांना ‘अत्यावश्यक’ असं भारदस्त नाव देऊन बिनपगारी कामाला जुंपलं होतं. पगार मागाहून मिळेल म्हणे. संप करायचा नाही, तसा कायदा. दोघांनी एकाच दिवशी आजारी पडायचं नाही, तसं परिपत्रक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोसुद्धा शिक्का मारून.

खरं दुखणं मात्र एकेचाळीस दिवसांचं नव्हतं. टॉवरमध्ये मंजूर जागा चौदा आणि माणसं सहा, हे कितीतरी वर्षं चाललं होतं. कोणी निवृत्त झालं की त्याची खुर्ची गुंडाळून ठेवायची, हेच धोरण. आता तर नवी माणसं तयार करणाऱ्या प्रशिक्षण केंद्रालाही कुलूप लागलं होतं. पूर्वी दोघं मिळून बसत. एक धावपट्टी सांभाळायचा, दुसरा खालच्या गाड्या आणि उभी विमानं. आता दोन्ही कामं एकाच्या डोक्यावर, आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा तास. सुट्टीच्या दिवशी मास्तर झोपत, आणि उठल्यावर आपण झोपलो होतो हे त्यांना बायकोकडून कळे.

आता त्या झाकणाचं.

नियंत्रकासमोर एक तिरकी फळी असते. प्रत्येक विमानाच्या नावाची एकेक कागदी पट्टी त्या फळीवर सरकत जाते. मधला खण धावपट्टीचा. धावपट्टीवर जीप गेली, गवत कापणारं यंत्र गेलं, की त्या खणावर लाल ठोकळा ठेवायचा. ठोकळा आहे तोवर कोणालाही उतरू द्यायचं नाही. मेंदू विसरतो, लाल रंग विसरू देत नाही. हे मास्तर प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत. दोन वर्षांपूर्वी तो ठोकळा पडून फुटला. नव्याची मागणी वर गेली. वरून विचारणा आली, की एका ठोकळ्यासाठी तीन दुकानांची दरपत्रकं का जोडली नाहीत. तेव्हा मास्तरांनी घरून एका जुन्या डब्याचं लाल झाकण आणलं आणि खणावर ठेवून दिलं. नीट बसलं. तेव्हापासून त्या विमानतळाची एकुलती एक धावपट्टी एका जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चालत होती. घरी तो डबा बिनझाकणाचा मांडणीवर पडला आणि बायकोने त्यावरून दोन वर्षं ऐकवलं.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजून गेले होते. मास्तर सहा तास बसून होते, मधे एकदा पाणी प्यायला उठले तेवढंच. धावपट्टी तपासणाऱ्या जीपचा ड्रायव्हर रेडिओवर बोलला. पलीकडच्या टोकाला टायरचा तुकडा पडल्यासारखा दिसतोय, जाऊन उचलतो.

“जा,” मास्तर म्हणाले आणि त्यांचा हात सवयीने उजवीकडे गेला. झाकण तिथे नव्हतं. सकाळीही दिसलं नव्हतं, पण असेल इकडेतिकडे असं वाटून त्यांनी शोधलं नव्हतं. एक जीप तर आहे, लक्षात राहील. तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवतात तोच उभ्या असलेल्या विमानाने निघायची परवानगी मागितली, दुसऱ्याने वाऱ्याचा वेग विचारला, आणि मग उतरायला आलेल्या विमानाचा आवाज आला. मास्तरांनी फळीकडे पाहिलं. मधला खण रिकामा होता. तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांना एकच ठाऊक होतं, खण रिकामा म्हणजे धावपट्टी मोकळी.

“उतरा,” ते म्हणाले.

बाहेर ऊन रखरखत होतं. धावपट्टीचं पलीकडचं टोक उन्हात हलत होतं आणि तिथली पांढरी जीप बघणाऱ्यालाही दिसली नसती. मास्तर तर बघतही नव्हते.

“टॉवर,” ड्रायव्हरचा आवाज आला, अगदी शांत, किराणामालाची यादी वाचावी तसा. “जीप अजून धावपट्टीवरच आहे.”

मास्तरांनी आधी रिकाम्या खणाकडेच पाहिलं. पण तोंडाने काम केलं. “उतरू नका. वर घ्या, वर घ्या.” विमानाने नाक उचललं आणि ते जीपच्या बरंच अलीकडून गर्जत वर गेलं. आतल्या लोकांना वाटलं असेल, एक फेरी जास्तीची मिळाली.

“टॉवर, काय झालं होतं?” वैमानिकाने विचारलं.

“धावपट्टीवर पक्षी,” मास्तर म्हणाले.

हे आपण का म्हणालो ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. खोटं तयारच होतं, आवाज देताच धावत आलं. विमान दुसऱ्या फेरीला नीट उतरलं. मास्तरांनी वहीत वेळ लिहिली आणि कारणाच्या रकान्यात ‘पक्षी’ लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

तीन वाजता साहेब, म्हणजे टॉवरप्रमुख, स्वतः येऊन पंधरा मिनिटं बसले, तेव्हा मास्तरांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला. डब्यावर लाल झाकण होतं.

ते कितीतरी वेळ त्या झाकणाकडे बघत राहिले. मग सगळं हळूहळू जुळत गेलं. काल संध्याकाळी निघताना समोर दिसेल ते त्यांनी पिशवीत भरलं होतं. चष्म्याचं घर, रुमाल, पाण्याची बाटली आणि हे. घरी बायकोने पिशवी रिकामी केली, दोन वर्षांनी झाकण परत आलेलं पाहिलं, आणि हौसेने जुना डबा घासून त्यात जेवण भरलं. सबंध दिवस विमानतळाचं लाल झाकण त्यांच्या पायाशी भाजीवर बसलं होतं.

मास्तरांना हसू आलं, आणि मग ते हसू कुठे थांबवायचं ते कळेना. साहेब म्हणाले, “काय झालं हो?” मास्तर म्हणाले, “काही नाही, ठसका लागला.” दुसरं खोटं.

शिफ्ट संपता संपता ड्रायव्हर वर आला. तो सरकारचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता. म्हणजे पैसा सुटल्यावर मास्तरांना मागचा पगार तरी मिळणार होता, याला तेही नाही. एकशे बारा पायऱ्या चढून आला आणि दारातच धापा टाकत उभा राहिला.

“मास्तर, मी खाली कोणाला बोललो नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडून बाहेर जाणारही नाही. तुमचे आठ महिने राहिलेत, मला माहीत आहे.”

“दादा, चूक माझी होती.”

“होती की. पण माणूस आहे, दमतो.” तो थोडा घुटमळला. “एकच विचारायचं होतं. उद्या झाकण असेल ना?”

मास्तरांना वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“असेल,” ते म्हणाले. ड्रायव्हरने मान हलवली आणि तो खाली उतरून गेला. त्याची पावलं फार वेळ ऐकू येत होती.

घरी त्यांनी झाकण स्वतः धुतलं आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. बायको बघत होती.

“परत नेताय? अहो, तो डबा बिचारा दोन वर्षांनी माणसात आला होता.”

मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पक्ष्याचंही सांगितलं. बायकोने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे त्या घरात नवलच होतं. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे मी झाकण लावलं म्हणून...”

“वेडी आहेस का? मी ते घरी आणलं म्हणून.”

नियम असा होता, की आपल्या हातून चूक झाली तर चोवीस तासांत अर्ज भरून आपण होऊन सांगायची. मग चौकशी होईपर्यंत माणसाला खुर्चीवरून उठवतात. शिक्षा म्हणून नव्हे, सावधगिरी म्हणून. मास्तरांनी हा नियम शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता. आपली चूक आपण लिहायची, दुसऱ्याने लिहिली तर ती बातमी होते, असं ते पोरांना सांगत. पोरं वहीत उतरवून घेत.

“लिहायलाच हवं का?” बायको म्हणाली. “हात दाखवून अवलक्षण. कोणी पाहिलं नाही, कोणाला लागलं नाही. आठ महिन्यांनी सुटाल. चौकशी लागली तर पेन्शनचा कागद अडकून बसेल, आणि तो एकदा अडकला म्हणजे सुटतो होय?”

“जीपवाल्याला लागलं असतं.”

ती समोर येऊन बसली. मग तिने विचारलं, “लिहिलंत तर काय होईल, तेवढं सांगा.”

“मला खुर्चीवरून उठवतील,” मास्तर म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात जे आलं ते ऐकून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण तो आनंद होता. त्यांना उठायचं होतं. चूक पोटात सलत होती हे खरंच, पण त्याहून खोल, तळाशी, त्यांना फक्त कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणायला हवं होतं, मास्तर, बास, घरी जा. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या माणसाला आता डोळे मिटायची भूक लागली होती.

बायकोने ते ऐकलं असणार. तिने आतून पेन आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मास्तर अर्ज घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वयाने लहान, माणूस वाईट नव्हता. तेही महिनाभर टॉवर आणि कचेरी अशी दोन्हीकडची ओढाताण करत होते आणि दाढी करायची त्यांनी सोडून दिली होती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“मास्तर, हे तुम्ही लिहिलंत, तुमचं मोठेपण आहे. पण हे मी पाठवू कुठे?”

“सुरक्षा चौकशी विभागाकडे.”

“तो विभाग बंद आहे. घरी पाठवलाय. अत्यावश्यक नाही म्हणे.”

मास्तरांना आधी नीट कळलंच नाही. “चौकशी करणारे अत्यावश्यक नाहीत?”

“विमानं उतरवणं अत्यावश्यक आहे. ती चुकीची का उतरली हे शोधणं पुढे ढकलता येतं.” साहेब हे हसून म्हणाले नाहीत. “आणि चौकशीचा हुकूम असल्याशिवाय तुम्हाला उठवायचा अधिकार मला नाही. मी उठवलं, तर बिनाहुकूम जागा रिकामी ठेवली म्हणून माझ्यावर येईल.”

“मग मी थकलोय, कामाला योग्य नाही, असं लिहून देतो.”

साहेबांनी ड्रॉवरमधून परिपत्रक काढलं. ते इतक्या वेळा काढून झालं होतं की घड्या फाटायला आल्या होत्या. “विभागाच्या डॉक्टरचा दाखला हवा. दाखला नसेल तर काम बंद केलं असं धरलं जाईल. मग पेन्शनसुद्धा जातं.”

“आणि डॉक्टर?”

साहेबांनी परिपत्रकाची घडी घातली. मास्तरांना कळलं. डॉक्टरही घरी होता.

“बसा हो, मास्तर,” साहेब शेवटी म्हणाले, आणि ते विनवणीसारखं होतं. “धाकटी पहाटे पाचपासून एकटी बसलीये वर. तिला उठवा आधी. अर्ज मी ठेवून घेतो. विभाग उघडला की सगळ्यात पहिला तुमचा पाठवतो.”

मास्तर पायऱ्या चढले. या वेळी चार दम लागले.

धाकटी म्हणजे टॉवरमधली सगळ्यात लहान नियंत्रक, मास्तरांच्या हाताखाली तयार झालेली शेवटची. त्यांना पाहून तिने बोलणं न थांबवता हात वर केला. नजर बाहेरच. एक विमान उतरत होतं, ते चाकं टेकून, धावून, वळून बाहेर पडेपर्यंत ती हलली नाही. मग तिने खुर्ची अर्धी वळवली आणि ताबा द्यायला सुरुवात केली.

याची एक रीत होती. उठणाऱ्याने सगळं सांगायचं, वारा, विमानं, गाड्या. बसणाऱ्याने ऐकायचं, स्वतः बघायचं आणि मग म्हणायचं, “माझ्याकडे.” हा शब्द कानावर आल्याशिवाय उठणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही, मग आग लागो. हेही मास्तरांनीच शिकवलेलं.

“वारा पश्चिमेचा, हलका,” धाकटी म्हणाली. “खाली दोन विमानं उभी आहेत, अर्ध्या तासानंतर निघणारी. येणारं पुढचं पस्तीस मिनिटांवर. जीप कुंपणाजवळ, धावपट्टीबाहेर. वारा पश्चिमेचा, हलका.”

“वारा सांगून झाला,” मास्तर म्हणाले.

“झाला का?” ती ओशाळली. तिने डोळे चोळले. डोळे लाल होते. “सॉरी मास्तर. आणि झाकण मिळत नाहीये कालपासून. मी सकाळी लाल पेनाचं टोपण ठेवत होते. दोनदा घरंगळून खाली पडलं.”

मास्तरांनी पिशवीतून झाकण काढलं. तिचा चेहरा उजळला. पण त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

त्यांनी “माझ्याकडे” म्हटलं नाही, तर ती उठू शकत नव्हती. त्यांनी म्हटलं, तर कालचाच माणूस पुन्हा त्याच खुर्चीत बसणार होता, तेच डोळे घेऊन. इकडे आड, तिकडे विहीर. आणि खाली कुंपणाजवळ पांढऱ्या जीपमध्ये एक माणूस बसला होता, ज्याने त्यांच्याकडे फक्त एका झाकणाची चौकशी केली होती. मास्तरांना रात्रीचा स्वतःचा आनंद आठवला. कोणीतरी येऊन आपल्याला उठवेल म्हणून ते वाट बघत होते. आता त्यांना कळलं, की उठवणारे सगळे घरी आहेत.

“पस्तीस मिनिटांवर म्हणालीस ना? दुसरीकडे जाण्याइतकं इंधन असेल त्याच्याकडे?”

“असेलच. का?”

“ऊठ. माझ्याकडे,” मास्तर म्हणाले.

ती उठली. तिला सवयीचे हेडफोन काढायलाही वेळ लागला. मास्तर बसले, त्यांनी धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली. स्वच्छ, मोकळी, रिकामी. मग त्यांनी लाल झाकण मधल्या खणावर ठेवलं.

“मास्तर, धावपट्टीवर काही नाहीये,” धाकटी म्हणाली.

“माहीत आहे.”

त्यांनी दूरवरच्या विमानांना वाट दाखवणाऱ्या मोठ्या केंद्राला फोन लावला आणि धावपट्टी बंद केल्याचं सांगितलं. येणाऱ्या विमानांना दुसऱ्या विमानतळावर पाठवा. पलीकडून कारण विचारलं. खोटं याही वेळी जवळच उभं होतं, एक हाक मारायचा अवकाश.

“नियंत्रक कामाला योग्य नाही,” मास्तर म्हणाले. “दोघेही. माझं नाव लिहा. हा निर्णय माझा, माझ्यासोबतच्या मुलीचा नाही. ती ताबा देऊन उठली होती.”

पलीकडे थोडा वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज आला. मग तिथला माणूस हळूच म्हणाला, “लिहिलं. कळलं, टॉवर.” त्याच्या आवाजावरून तोही बराच वेळ बसून असावा.

मास्तरांनी वही ओढली. कालच्या पानावरचं ‘पक्षी’ एका रेघेने खोडलं आणि वर ‘जीप’ लिहिलं, सही केली. अक्षर वाईट आलं. धाकटी खांद्यामागून वाचत होती.  खालच्या मजल्यावर साहेबांचा फोन वाजू लागला, मग दुसराही, आणि मग जिन्यावर धावत वर येणारी पावलं.

“मास्तर, तुमचं पेन्शन,” धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तू जरा टेक. तिकडे बाकावर.”

पावलं दुसऱ्या वळणावर थांबली. साहेबांनाही तिथे दम लागला असावा. तेवढ्यात रेडिओ वाजला.

“टॉवर, जीप बोलतोय. तपासणीला धावपट्टीवर येऊ का?”

“या दादा, आरामात या. आज कोणी उतरत नाहीये.”

थोडी खरखर झाली. ड्रायव्हरने जीप जागची हलवली नाही.

“टॉवर, झाकण?”

“ठेवलंय,” मास्तर म्हणाले.

तेव्हा कुठे जीप निघाली.